ताकदीची गोळी आणि बधिर पाय

शुगर असलेल्या माणसाच्या घरातला औषधांचा डबा कधी नीट उघडून बघा. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या त्यात दोन-तीनच असतात. बाकीचा डबा ‘ताकदी’ने भरलेला असतो. लाल-पिवळी मल्टीव्हिटॅमिन. कोरोनात आणलेली आणि मग सवयीने चालू राहिलेली व्हिटॅमिन सीची गोळी. ‘डी’ची पुडी. सुनेने केसांसाठी ऑनलाइन मागवलेली आणि सासूबाईंनीही सुरू केलेली बायोटीनची गोळी. सौदीहून आलेल्या पाहुण्याने दिलेली एक मोठी बाटली. आणि ‘नसांसाठी चांगली आहे’ म्हणून मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली एक कॅप्सूल. यातली कोणती गोळी कोणी सांगितली, कधीपासून चालू आहे, किती दिवस घ्यायची, हे त्या डब्याच्या मालकाला सांगता येत नाही.

आता त्याच माणसाला विचारा, “तुमचे बी-१२ शेवटचे कधी तपासले?” बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, “ते काय असते?”

हा माणूस दहा वर्षे मेटफॉर्मिन घेत असतो. त्याच्या पायाला मुंग्या येत असतात. आणि ज्या एका जीवनसत्त्वाची त्याच्या बाबतीत खरोखर चौकशी व्हायला हवी, ते कोणी मोजलेलेच नसते. ज्यांची गरज कोणी दाखवून दिलेली नाही, ती मात्र तो रोज मूठभर गिळत असतो. या उलट्या कारभाराबद्दल मला आज भांडायचे आहे. हे भांडण कंपन्यांशी आहे, काउंटरवरून डॉक्टरकी करणाऱ्यांशी आहे, घाईतल्या डॉक्टरांशी आहे, आणि आपल्या समाजातल्या ‘ताकत की गोली’च्या वेडाशीही आहे.

काही जण म्हणतील, बाई, तुम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवता, तुम्हाला यातले काय कळते? बरोबर आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून मी कोणाला गोळी सांगणार नाही. पण वाचणे आणि वाचायला लावणे हे माझे काम आहे. पाकिटावर बारीक अक्षरात जे छापलेले असते, ते वाचण्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही.

आधी मेटफॉर्मिनचे बघू. टाइप २ मधुमेहात उपचाराची सुरुवात बहुधा याच गोळीने होते. स्वस्त आहे, जुनी आहे, भरवशाची आहे. तिच्याशी माझे काही भांडण नाही, आणि हा लेख वाचून कोणी ती गोळी स्वतःहून बंद करू नये. पण या गोळीची एक गोष्ट रुग्णाला सहसा सांगितली जात नाही. आपण जे बी-१२ खातो ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते, आणि मेटफॉर्मिन त्या शोषणात अडथळा आणते. यकृतात बी-१२चा काही वर्षे पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे आज गोळी सुरू केली आणि उद्या त्रास झाला असे होत नाही. साठा हळूहळू आटत जातो. घरात कोणाला कळत नाही, रुग्णालाही कळत नाही.

हे कोणा एकाचे मत नाही. नेदरलँडमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० रुग्णांवर एक अभ्यास झाला. निम्म्यांना मेटफॉर्मिन, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. सव्वाचार वर्षांनी मेटफॉर्मिनवाल्यांचे बी-१२ दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे १९ टक्क्यांनी खाली आले होते, आणि जितका काळ गोळी चालू तितकी घसरण जास्त. हा अभ्यास २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. २०२२ साली ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने डॉक्टरांना कळवले की बी-१२ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम मानावा, लक्षणे दिसली तर तपासणी करावी, आणि ज्यांना जास्त धोका आहे त्यांची ठरावीक काळाने तपासणी करत राहावी. अमेरिकेतल्या मधुमेह संघटनेचा सल्लाही तोच आहे. ॲसिडिटीसाठी रोज सकाळी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल घेण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्या गोळ्याही दीर्घकाळ घेतल्या तर बी-१२चे शोषण कमी करतात. म्हणजे दोन्हीकडून गळती.

यातली खरी मेख लक्षणांत आहे. बी-१२ कमी झाले की पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आगआग होते, चालताना तोल जातो, थकवा येतो, जीभ सोलल्यासारखी होते, विसरायला होते. आणि मधुमेह जुना झाला की नसांवर परिणाम होऊन पायाला मुंग्या येतात, तळवे बधिर होतात, आगआग होते. मग प्रत्येक बधिर पायाचे खापर शुगरवर फोडले जाते. आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांची चप्पल चालता चालता पायातून निसटून जायची आणि त्यांना ते कळायचे नाही. ‘शुगर है ना, ऐसा होता ही है,’ हे त्यांनी चार वर्षे सगळ्यांकडून ऐकले. शेवटी शिकलेल्या नातीने हट्ट केला, रक्त तपासले, बी-१२ फारच खाली होते. उपचार सुरू झाल्यावर काही महिन्यांनी मुंग्या कमी झाल्या, थकवा गेला. तळव्यांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. बी-१२अभावी झालेली नसांची हानी फार काळ तशीच राहिली तर ती भरून येतेच असे नाही. त्या चार वर्षांत खालांनी ताकदीच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या असे नाही. चांगल्या तीन प्रकारच्या घेतल्या होत्या. तपासणी तेवढी झाली नव्हती.

‘आम्ही तर गोश्त खातो, आम्हाला कसली बी-१२ची कमी? ती शाकाहाऱ्यांची अडचण.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याला उत्तर द्यायलाच हवे. बी-१२ मांस, कलेजी, मासे, अंडी, दूध यांत असते, हे खरे. पण ताटात असणे आणि रक्तात पोहोचणे यात आतडे असते, आणि मेटफॉर्मिन नेमके तिथे काम बिघडवते. शिवाय ‘आम्ही गोश्त खातो’ म्हणजे नेमके किती? रोजंदारीवर चालणाऱ्या घरात आठवड्यातून एकदा रस्सा होतो. त्यातल्या बोट्या पुरुषांच्या आणि मुलांच्या ताटात जातात. घरातली म्हातारी रश्श्यात भाकरी बुडवून जेवते, आणि शुगर तिलाच असते. वयाबरोबर पोटातले आम्ल कमी होते, तेव्हा शोषण आणखी मंदावते. मेटफॉर्मिन कोणाचा धर्म आणि कोणाचे ताट बघून काम करत नाही.

जीवनसत्त्वांना माझा विरोध आहे असा अर्थ कोणी काढू नये. योग्य जागी जीवनसत्त्व जीव वाचवते, आणि याचा एक मोठा पुरावा आपल्याच मुंबईत सापडला. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात एक भयंकर रक्तक्षय होत होता, त्यात बायका मरत होत्या. विल्सबाईंनी आधी काय केले? त्या बायका काय खातात ते पाहिले. वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची तुलना केली, त्यात गरीब मुस्लिम बायकाही होत्या. ज्यांच्या पोटात पालेभाज्या, फळे, प्रथिने जात नव्हती, त्यांना हा आजार जास्त होतो असे दिसले. मग प्रयोग करत त्या मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्टच्या अर्कापर्यंत पोहोचल्या. त्याने बायका बऱ्या झाल्या, आणि १९३१ साली हे प्रसिद्ध झाले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे ज्याला आज आपण फोलेट म्हणतो तो. गरोदर बाईला मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीमागे मुंबईच्या त्या बायका आहेत.

आता याच गोष्टीचा पुढचा भाग पुण्यात घडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. २००८ साली त्यांनी मांडले की या बायकांपैकी दोन तृतीयांश बायकांचे बी-१२ कमी होते, आणि फोलेट कमी असलेली बाई फक्त एक निघाली. ज्या आयांचे फोलेट सर्वांत जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सर्वांत ठळक दिसली. याचा अर्थ गरोदर बाईने फॉलिक ॲसिड बंद करावे असा मुळीच नाही. पण एका जीवनसत्त्वाने सगळे भागत नाही, आणि जे कमी आहे तेच द्यावे लागते, एवढे यातून कळते. फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी, असे झाले तर रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो आणि नसांची हानी आतल्या आत चालू राहू शकते. विल्सबाईंच्या आणि याज्ञिकांच्या कामात पन्नासहून जास्त वर्षांचे अंतर आहे. दोघांनीही आधी मोजले.

आमच्या देवळा तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे मी शिकवायची गरज नाही. डाळिंब किंवा द्राक्षाची बाग धरणारा माणूस झिंक-बोरॉन टाकण्याआधी माती तपासतो, देठ परीक्षण करतो. बोरॉन कमी पडले तर फळ बिघडते आणि थोडे जास्त झाले तर पान जळते, हे त्याला पाठ असते. हाच माणूस स्वतःच्या शरीरासाठी मेडिकलवर जातो आणि म्हणतो, “काहीतरी ताकदीचे द्या.” झाडाला रिपोर्ट, आणि बापाला अंदाज.

मग ठरलेले उत्तर येते, ‘फायदा नसेल, पण नुकसान तर नाही ना? जास्तीचे लघवीवाटे निघून जाते.’ हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. म्हणून एक एक बाटली घेऊन बघू.

बी गटाच्या जास्त मात्रेपासून सुरुवात करू. कॅनडात मधुमेहामुळे मूत्रपिंड खराब झालेल्या २३८ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला फॉलिक ॲसिड, बी-६ आणि बी-१२ मोठ्या मात्रेत दिले, दुसऱ्याला पोकळ गोळी. अपेक्षा होती की मूत्रपिंड वाचेल. झाले उलट. जीवनसत्त्वे घेणाऱ्यांचे मूत्रपिंड जास्त वेगाने ढासळले आणि त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघातासारखे प्रसंगही जास्त घडले. हे २०१० साली अमेरिकेच्या ‘जामा’ नियतकालिकात आले. ‘जास्तीचे लघवीवाटे निघून जाते’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये की लघवी गाळणारा अवयवच मधुमेहात आधी मार खातो.

बी-६चे तर आणखी विचित्र आहे. ‘नसांसाठी’ मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत ते असते. पण बी-६ मोठ्या मात्रेत बराच काळ घेतले तर त्यानेच नसा खराब होतात, हातापायांना मुंग्या येतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला १२ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा ठरवली. तुमच्या पाकिटावर किती मिलिग्रॅम लिहिले आहे ते बघा, आणि तेच औषध आणखी कोणत्या गोळीतही आहे का तेही बघा. मुंग्यांसाठी गोळी, गोळीने मुंग्या, मुंग्या वाढल्या म्हणून आणखी एक गोळी.

‘डी’ची पुडी साठ हजार युनिटची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट. गणित मुलेही करतील, एका पुडीत शंभर दिवसांची गरज आहे. कमतरता असेल तर डॉक्टर ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. पण चिठ्ठीवरचे ‘आठवड्यातून एकदा’ कोणी वाचत नाही, आणि काही जण ती रोज दुधात घालून पितात. रोज साठ हजार म्हणजे सुरक्षित मानल्या गेलेल्या ४,००० युनिटच्या मर्यादेच्या पंधरा पट. रक्तात कॅल्शियम वाढते, मळमळ होते, खूप तहान लागते, वारंवार लघवी होते आणि मूत्रपिंडाला इजा होते. तहान आणि लघवी वाढली की घरचे म्हणतात, शुगर वाढली! आणि डी घेतल्याने मधुमेह टळतो ही आशाही तपासली गेली आहे. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २,४२३ लोकांवर रोज ४,००० युनिट देऊन पाहिले. २०१९ साली निकाल आला, मधुमेह होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी झाले नाही.

व्हिटॅमिन सीबद्दल तर दंडाला शुगरचा सेन्सर लावणाऱ्यांनी कान देऊन ऐकावे. काही सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलेले असते की दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतल्यास आकडा खोटा वाढून दिसू शकतो. शिरेतून मोठ्या मात्रेत सी दिले तर बोटातून रक्त घेऊन तपासणारी काही यंत्रेही फसतात. खोटा वाढलेला आकडा पाहून एखाद्याने इन्सुलिन जास्त टोचले तर शुगर धोक्याइतकी खाली जाईल. रमजानमध्ये रोजा ठेवणाऱ्या शुगरवाल्यासाठी हा धोका दुप्पट आहे. खरी शुगर खाली गेलेली, यंत्र म्हणते सगळे ठीक, आणि माणूस इफ्तारची वाट बघत बसलेला.

केसांच्या बायोटीनने रक्ताचे रिपोर्ट बदलतात. थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात केली जाणारी ट्रोपोनिनची तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबद्दल इशारा दिला, त्यात एका मृत्यूची नोंद होती. मधुमेहात हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त. अशा माणसाच्या झटक्याचा रिपोर्ट केसांच्या गोळीमुळे चुकावा?

यादी इथे संपत नाही. झिंक कोरोनात सुरू झाले आणि काही घरांत अजून चालू आहे. मोठ्या मात्रेत लांबवले तर शरीरातले तांबे कमी होते, आणि तांबे कमी झाले की रक्तक्षय आणि पुन्हा तेच बधिर पाय. नायसिन मोठ्या मात्रेत रक्तातली साखर वाढवते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या तेव्हा फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढला, हे फिनलंडमध्ये १९९४ सालीच दिसले. आणि खेड्यापाड्यातले ते ‘पिवळे सलाईन’! अशक्तपणा वाटला की बाटली लावा. ५०० मिलीच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असते. त्यात व्हिटॅमिनचा पिवळा रंग मिसळला की ती ताकद होते, आणि शुगरचा माणूस पैसे देऊन शिरेत साखर घेतो.

आता ‘नैसर्गिक’ म्हणणाऱ्यांकडे येते. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणे हा भारतात गुन्हा आहे. १९५४ च्या जादुई उपचार विरोधी कायद्याच्या यादीत मधुमेहाचे नाव स्पष्ट आहे. २०२४ साली पतंजलीला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर माफी मागावी लागली आणि ती वर्तमानपत्रांत छापावी लागली. तेव्हा आपल्याकडच्या अनेकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपल्या मोबाइलमधले ग्रुपही बघावेत. ‘शुगर जड से खत्म’, ‘चालीस दिन में इन्सुलिन बंद’, वर हिरवा घुमट, खाली फोन नंबर. कायद्याला टोपी आणि टिळा यात फरक दिसत नाही, आपल्यालाही दिसू नये.

यात मी युनानी वैद्यकावर बोट ठेवत नाही. रीतसर शिकून, नोंदणी करून बसलेले हकीमसाहेब वेगळे, आणि बिनलेबलची भुकटी विकणारे वेगळे. कलौंजीची फजिलत आपल्या सगळ्यांना मान्य आहे. पण कलौंजी खा म्हणजे मेटफॉर्मिन फेकून द्या, असे कोणत्या आलिमने सांगितले? बिनलेबलच्या कॅप्सूलमध्ये काय असते, हे सिंगापूरने २००८ साली पाहिले. त्या वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत मधुमेह नसलेले दीडशे लोक शुगर एकदम खाली गेल्याने रुग्णालयात आले, त्यातले चार मेले. त्यांतल्या अनेकांनी मर्दानी ताकदीच्या नावाखाली विकली जाणारी औषधे घेतली होती, आणि त्यांत मधुमेहाचे ॲलोपॅथी औषध ग्लायबेनक्लामाइड भरमसाट मिसळलेले निघाले. ‘पहिल्याच दिवशी फरक पडला’ असे कोणी भुकटीबद्दल सांगितले तर खूश होण्याआधी घाबरा.

एक प्रश्न आपल्या वाचकांचा खास आहे, आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, ते कोणत्या जनावराचे, हलाल आहे की नाही? ही शंका रास्त आहे. पण या शंकेपायी कोणी डॉक्टरांनी दिलेले औषध गुपचूप बंद करते, ते रास्त नाही. बी-१२ साध्या गोळीत मिळते, इंजेक्शनमध्ये मिळते. अनेक औषधांना वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय असतो. डॉक्टरांना उघड सांगा, मला जिलेटिन नको, दुसरे द्या. आणि पर्यायच नसेल तर आलिमना विचारा. उपचाराच्या गरजेबद्दल फिकहमध्ये काय सवलत आहे ते ते सांगतील. गंमत अशी की डॉक्टरांच्या कॅप्सूलचे जिलेटिन खटकणाऱ्या घरात परदेशातून आलेल्या रंगीत जेलीच्या व्हिटॅमिन गोळ्या मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे चघळतात. त्यांत बहुधा जिलेटिनही असते आणि साखरही.

‘तपासणी महाग आहे’ ही तक्रार मात्र खरी आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला बी-१२च्या तपासणीचे पैसे जड जातात. पण डब्यातल्या बिनकामाच्या चार बाटल्यांची दोन महिन्यांची बेरीज करून बघा, तपासणीचे पैसे बहुधा त्यातच निघतील. आणि जिथे नाहीच निघणार, तिथे सरकारला विचारायला हवे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १०.१ कोटी रुग्ण आहेत. सरकारी दवाखान्यात मेटफॉर्मिन मोफत मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. मग वर्षानुवर्षे ती गोळी देणाऱ्याच खिडकीवर तिच्या ठाऊक असलेल्या दुष्परिणामाची तपासणीही मोफत मिळायला हवी. ही भीक नाही, उपचाराचाच भाग आहे.

तोवर प्रत्येक घरात करता येण्यासारखे असे आहे.

मेटफॉर्मिन चार-पाच वर्षे चालू असेल, किंवा त्याआधीही पायात मुंग्या, बधिरपणा, थकवा, रक्त कमी असेल, तर डॉक्टरांना थेट विचारा, “माझे बी-१२ तपासायचे का?” तपासणीच्या आधी स्वतःहून बी-१२च्या गोळ्या सुरू करू नका, रिपोर्ट खोटा चांगला येतो. कमतरता निघाली तर गोळी की इंजेक्शन, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. मेटफॉर्मिन त्यांच्याच सांगण्याने चालू किंवा बंद होईल.

‘डी’ची पुडी लिहून दिली असेल तर वार ठरवा, जुम्याचा ठेवा म्हणजे विसरणार नाही, आणि शेवटचा आठवडा कॅलेंडरवर लिहून टाका. थायरॉइडची गोळी घेत असाल तर कॅल्शियम आणि लोह तिच्यापासून चार तास लांब ठेवा. बायोटीन घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर कोणतेही जीवनसत्त्व विचारल्याशिवाय नको. पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असेल तर ते औषध नाही, पूरक आहार आहे. त्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची ओळ कायद्याने छापावी लागते. ती ओळ शोधा, आणि विकणाऱ्यालाही वाचून दाखवा.

शेवटी मोहल्ल्यातल्या कमिट्यांना एक विनंती. ईद-ए-मिलादला आपण रक्तदान शिबिर घेतो, बोट टोचून शुगरही तपासतो. यंदा त्याच मंडपात एक टेबल आणखी लावा. लोकांना निरोप द्या की घरातल्या सगळ्या गोळ्या, पुड्या, भुकट्या, काढे एका पिशवीत घालून आणा. टेबलावर एक डॉक्टर आणि एक फार्मासिस्ट बसवा. त्यांनी पिशवी रिकामी करावी, एक एक वस्तू वाचावी, काय ठेवायचे, काय थांबवायचे आणि कोणाचे बी-१२ तपासायचे ते कागदावर लिहून द्यावे. ज्यांना तपासणी परवडत नाही त्यांची यादी करा आणि खर्च समाजाने उचलावा. मंडपाच्या रोषणाईतून एक माळ कमी केली तरी कितीतरी खालांची तपासणी होईल. आमच्या शाळेतल्या वरच्या वर्गातली मुले नावे लिहायला आणि लेबले वाचून दाखवायला येतील, ती जबाबदारी माझी.